वरच्या मजल्याचं पाणी

बालाघाट (म. प्र.),
शुक्रवार

प्रिय वल्लरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. मी ठीक आहे. तुझे बाबा तर उत्तम आहेत, इतके उत्तम की हल्ली त्यांच्याकडे बघवत नाही मला. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन आला की ते स्पीकर लावून शेजारी बसतात आणि तू मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तेच देतात, हे तुला ठाऊक आहे. म्हणून आज भाजीच्या निमित्ताने बाहेर पडले, पोस्टातून पाकीट घेतलं आणि वाचनालयात पंख्याखाली बसून लिहिते आहे. पिशवीत मेथी आहे, ती कोमेजली तर कोमेजू दे. तुझ्या पायांवरची सूज उतरली का? रात्री पायाखाली उशी घेत जा आणि लोणचं बंद कर, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ते ऐक. बाकी तुझी चौकशी नंतर करते. आधी माझं ऐक, कारण हे मी मध्येच थांबवलं तर पुन्हा लिहायला बसणार नाही.

गोष्ट आहे आपल्या मागच्या पडवीतल्या लाल टाकीची. तुझ्या लग्नाच्या आधी बसवली होती ती. वरच्या न्हाणीघरात शॉवरमधून थेंब थेंब पाणी यायचं आणि पाहुण्यांसमोर तुझ्या बाबांना ते शोभेना. विहिरीवरचा पंप त्या टाकीत पाणी दाबून भरतो. आत एक जाड रबरी फुगा असतो, फुग्यात पाणी आणि फुग्याबाहेर, टाकीच्या पत्र्याला लागून, हवा. दाबलेली हवा पाण्याला वर ढकलते. टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो आणि बादली-दोन बादल्या पाणी वापरेपर्यंत गप्प राहतो. इतकं साधं आहे ते. नोकरीत असताना आठवीच्या पोरींना हवेचा दाब शिकवायचे, तेव्हा हीच टाकी फळ्यावर काढून दाखवायचे मी.

दिवाळीत मी तुझ्याकडून नागपूरहून परत आले आणि बघते तर टाकीला वेगळीच खोड लागलेली. स्वयंपाकघरातला नळ नुसता उघडला, साधा पेला विसळायला, की पंप टक करून चालू, घुर्र, टक करून बंद. पुन्हा टक. भांडी घासून होईपर्यंत तो पंप उचकी लागल्यासारखा करायचा. मी तुझ्या बाबांना म्हटलं, अहो, महागू प्लंबरला बोलवा एकदा, पंप जळेल असा. ज्या माणसाने आयुष्यभर रिकाम्या खोलीतला पंखा बंद केल्याशिवाय पुढे पाऊल टाकलं नाही, तो माणूस पेपरातून मान वर न करता म्हणाला, "पंपाला काही झालेलं नाही. वरची मंडळी नळ उघडे टाकून ठेवतात."

वरची मंडळी तुला माहीत नाहीत. गेल्या जूनपासून आपल्याकडे भाड्याने राहत होती. दीपिका म्हणजे तुझे बाबा ज्या शाळेच्या समितीवर आहेत तिथली गणिताची शिक्षिका. तिचा नवरा रवी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन, पहाटे मोटरसायकलवर जायचा आणि संध्याकाळी पायांना काळी माती घेऊन यायचा. दारात येण्याआधी बाहेरच्या नळावर पाय धुऊन, खराट्याने ती जागासुद्धा धुऊन मगच जिना चढायचा. आणि रवीची आई तुळसाबाई, किरनापूरच्या बाजूच्या खेड्यातली, गुडघ्यांनी बेजार. दुपारी जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायची आणि आमच्या गप्पा चालायच्या. तिने मला करडीची भाजी कशी करायची ते शिकवलं. मी तिला मोबाईलवर नातवाचे, म्हणजे तिच्या लेकीच्या मुलाचे, फोटो मोठे करून बघायला शिकवलं. तुझ्या बाबांनाही सुरुवातीला मंडळी फार पसंत होती. दीपिकाला "बेटा" म्हणायचे. आडनाव असं की कुठल्याही जातीत सापडावं, त्यामुळे त्यांनी स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवून टाकलं होतं.

दसऱ्याला ती तिघं नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. परत आल्यावर तुळसाबाईने मोठ्या आनंदाने मला तिथली पुस्तकं, फोटो, निळं उपरणं दाखवलं, आणि संत्र्याच्या बर्फीचा पुडा खाली पाठवला. जेवणानंतर मी तो तुझ्या बाबांपुढे ठेवला. त्यांनी विचारलं, कुठून आला? मी सांगितलं. हात पुडक्यापर्यंत गेला होता तो मागे आला, आणि ते म्हणाले, मला आज गोड नको. त्यांना गोड नको! त्याच आठवड्यात त्यांनी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकवली. मी विचारलं तर म्हणाले, पावसाळ्यानंतर टाकायचीच असते. ते खरंही आहे, टाकायचीच असते. म्हणून मी विषय सोडला. आज आठवलं की अंगावर काटा येतो, कारण आपल्या घरात पावसाळ्यानंतर विहिरीत पावडर टाकलेली मी संसारात पहिल्यांदाच पाहत होते.

तर दिवाळीनंतर हे सुरू झालं. रोज सकाळी पंप टकटकला की तुझे बाबा जिन्याखाली उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "नळ बंद करा रे!" दीपिका कठड्याशी येऊन सांगायची, काका, आमचे सगळे नळ बंद आहेत, या ना बघायला. ते कधीच बघायला गेले नाहीत. एकदा रवी स्वतः खाली आला. म्हणाला, "काका, मले वाटते टाकीतच काही बिघाड आहे, मी पाहू काय?" तुझे बाबा त्याला टाकीजवळ जाऊ देईनात. "हात लावू नकोस, कंपनीची वॉरंटी आहे," म्हणाले. इतक्या जुन्या टाकीची वॉरंटी! मग त्यांनी वर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व बंद केला. आता यांनी विहिरीवरून बादलीने न्यावं, म्हणजे किती वापरतात ते कळेल, असं म्हणाले. थंडीचे दिवस होते. दीपिका शाळेत जायच्या आधी बादल्या वाहायची, तुळसाबाई एकेक पायरी बसत बसत कळशी चढवायची. मी हे चालू देणार नव्हते. आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाला रबरी नळी लावली आणि मागच्या खिडकीतून वरच्या गॅलरीत चढवली, त्यांचे हंडे भरून दिले. त्यावर घरात जे झालं ते लिहीत नाही. नळी कापून टाकली त्यांनी, कोयत्याने, माझ्यासमोर.

आणि बघ, व्हॉल्व बंद असतानाही खाली माझ्या नळाला पंप तसाच टकटकत होता. वर थेंबही जात नव्हता, तरी उचकी तीच. मी सांगितलं त्यांना, अहो, वरची लाइन बंद आहे आणि पंप तरीही तेच करतोय, मग दोष त्यांचा कसा? ते म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला! मी ते गिळलं आणि महागूला बोलवायचं म्हणून त्याचा नंबर त्यांच्याकडे मागितला. नंबर हरवला म्हणाले.

तोपर्यंत ही गोष्ट घराबाहेर गेली होती. गणपती मंदिराच्या कट्ट्यावर, पेन्शनर मंडळींच्या चहाला, सगळीकडे ते सांगत सुटले की आमच्या वरचे भाडेकरू पाणीचोर आहेत. चोरून दुसरी लाइन घेतली आहे असंही सांगितलं कुणाला. एक दिवस दीपिका शाळेतून आली ती सरळ आमच्या दारात. डोळे लाल. म्हणाली, काकू, पालकांच्या तक्रारी आल्या म्हणून समितीने माझ्याकडे खुलासा मागितलाय, घरमालकाच्या घरी चोरी करणारी बाई मुलांना काय शिकवणार असं लिहिलंय. तुझे बाबा आत झोपाळ्यावर होते. मी हाक मारली, या बाहेर, बोला हिच्याशी. आले नाहीत. टीव्हीचा आवाज मोठा केला. दीपिका जिन्याकडे वळता वळता म्हणाली, "काकांनी एकदा तोंडावर सांगितलं असतं ना, तुम्ही आम्हाला नको म्हणून, तर आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो असतो." दोन दिवसांनी टेम्पो आला आणि ती मंडळी भरवेलीला गेली. जाताना तुळसाबाईने जिना झाडला. मी नको नको म्हणत होते तरी झाडला.

आता घरात आम्ही दोघंच. वर कोणी नाही, आणि पंप टक, घुर्र, टक. आता कोण चोरतंय पाणी, असं विचारलं तर म्हणाले, पंप जुना झाला असेल. मागच्या सोमवारी ते डोळे तपासायला गोंदियाला गेले. अर्ध्या वाटेवर राजेगाव ओलांडल्यावर त्यांचा फोन आला, औषधाची चिठ्ठी घरीच राहिली म्हणून. त्या चिठ्ठीचा फोटो काढून पाठवला आणि मग पदर खोचून मी त्या टाकीपुढे बसले. आधी घरातले सगळे नळ बंद केले आणि टाकीवरच्या दाबाच्या मीटरच्या काट्याकडे बघत राहिले. मेथी निवडून झाली, काटा हलला नाही. म्हणजे कुठेही गळती नाही, चोरी तर नाहीच. मग एक नळ उघडला. काटा एकदम खाली कोसळला, पंप लागला, तसाच झटक्यात वर गेला. बोटांनी टाकी वाजवून पाहिली. एरवी वरचा भाग पोकळ वाजतो, खालचा भरीव. आता वरपासून खालपर्यंत भरीव. आत हवा उरलेलीच नव्हती. टाकीच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व असतो, हवा भरायचा. त्याचं टोपण काढून मी आतली पिन खिळ्याने दाबली. तिथून हवा यायला हवी. आलं पाणी. काळं, बुळबुळीत, सडलेल्या अंड्यासारखा वास मारणारं पाणी माझ्या तोंडावर, साडीवर उडालं. फुगा फाटला होता आणि पाणी पत्र्यापर्यंत जाऊन कुजत होतं.

मी मोरीत जाऊन ओकले, वल्लरी. आपल्याकडच्या पाण्यात मँगनीज असतं, काळा गाळ बसतोच हे मला माहीत आहे. पण त्या फाटलेल्या फुग्यात इतके महिने साठलेल्या पाण्याने मी भात शिजवला होता, देवाला आंघोळ घातली होती, चहा केला होता. दात घासले तरी ती चव जाईना.

महागूचा नंबर मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून मिळवला. तो दुपारी आला. टाकी मोकळी केली, खालचे बोल्ट काढले आणि तो फुगा बाहेर ओढला. शेवाळलेल्या आतड्यासारखा लोंबत होता, बाजूला हाताएवढी चीर, त्यातून काळा चिखल गळत होता. मी नाकाला पदर लावून म्हटलं, महागू, हे असं केव्हापासून असेल रे? तो आपला हात पुसत सहज म्हणाला, "तवाच सांगतलं होतं ना बाई, साहेबाले, फुगा फाटला म्हनून. दिवाळीच्या आधी, तुमी गावाले गेलत्या तवा. साहेब म्हने, राहू दे आत्ता, वरचे लोक गेले का मंग बदलू. तुमाले नाही सांगतलं काय?"

मी म्हटलं, नाही सांगितलं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कामाला लागला. नवा फुगा घातला, हवा भरली, पंप लावला. टाकी भरली, पंप थांबला, मी बादली भरली तरी पुन्हा लागला नाही. इतक्या महिन्यांनी घर शांत झालं आणि त्या शांततेत मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. जुना फुगा महागू फेकून देणार होता. मी म्हटलं, ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेव.

तुझे बाबा संध्याकाळी आले. मी चहा दिला नाही. विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मला वाटलं होतं ते चिडतील, नाकारतील, महागूला खोटा ठरवतील. तसं केलं असतं तर मला थोडंसं बरं वाटलं असतं. त्यांनी चप्पल काढून नीट कोपऱ्यात लावली, सुपारीचा डबा घेतला आणि कातरता कातरता सांगितलं, "माहीत होतं. मग? सरळ जा म्हटलं असतं तर उद्या पोलिसात गेले असते, जातीचं नाव घेऊन. मी काही वाईट शब्द वापरला का त्यांना? एक तरी? पाणी बंद झाल्यावर त्यांनाच राहावंसं वाटलं नाही, गेले." त्या आवाजात अभिमान होता ग. एखादा अवघड हिशेब सोडवल्यावर माणूस बोलतो तसा. मी म्हटलं, त्या पोरीची नोकरी जाते आहे, शनिवारी समितीची बैठक आहे, निदान तिथे सांगा की टाकी बिघडली होती. तर म्हणाले, "आता मी तोंडघशी पडू? मिळेल तिला दुसरी शाळा."

आणि मग ते आंघोळीला गेले. नवा फुगा घातलाय हे त्यांना महागूने फोन करून सांगितलं होतं. शॉवर सोडला आणि आतून मला हाक मारली, "अगं, ये तर खरी, काय प्रेशर आलंय बघ!" गाणं गुणगुणत होते. त्यांचं ते खाकरणं, गुळण्या करणं, पाणी थपथप अंगावर मारणं मी बाहेर उभी राहून ऐकत होते. काळ्या पाण्याची शिसारी दोन दिवसांत गेली असती. या माणसाच्या हाताला हात लागला तरी मी आता धुऊन टाकते, आणि तो वास काही जात नाही. इतकी वर्षं ज्याच्या ताटाशेजारी ताट मांडलं, त्याच्यासमोर घास उतरत नाही मला.

शनिवारी मी शाळेत गेले. तुझे बाबा आधीच जाऊन बसले होते. दीपिका भिंतीपाशी उभी होती, तिला खुर्चीसुद्धा दिली नव्हती कुणी. अध्यक्ष दुलीचंदजी मला बघून उठले, "अरे भाभीजी, आप?" मी म्हटलं, मला बोलायचं आहे. तुझे बाबा हसून म्हणाले, हिची तब्येत जरा ठीक नसते हल्ली. मी पिशवी उघडली आणि तो फुगा टेबलावर ठेवला, त्यांच्या चहाच्या कपांमध्ये. खोलीत असा वास सुटला की मुख्याध्यापिका आनंदीबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि शिपाई खिडक्या उघडायला धावला. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत. टाकी केव्हा बिघडली, कुणाला माहीत होतं, नळी कुणी कापली, वरचे लोक गेले की बदलू असं कोण म्हणालं. महागूचा नंबरही देते म्हटलं, विचारा त्याला. दुलीचंदजी घाम पुसत म्हणाले, "भाभीजी, घर की बात घर में निपटा लेते." मी म्हटलं, "बात आप लोगों के सामने लाई गई है, तो यहीं पूरी होगी." तुझे बाबा त्या टेबलाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. शेवटी आनंदीबाई म्हणाल्या, मैडम को कुर्सी दो. तेव्हा कुठे दीपिकाला खुर्ची मिळाली.

तक्रार रद्द झाली. दीपिका शाळेत आहे. तुझ्या बाबांना समितीतून काढलं असेल, असं काही मनात आणू नकोस. दुसऱ्याच दिवशी कट्ट्यावर त्यांना चहा देणारे याच समितीतले होते. फक्त आता सगळे त्यांना माझ्याबद्दल हळहळून विचारतात. भाभीजींचं मन कशात लागत नाही का, एखाद्या मानसोपचारवाल्याला दाखवा. ते मान हलवतात. मला जितकी त्यांची शिसारी आहे तितकीच त्या मान हलवणाऱ्या सगळ्यांची आहे.

परवा मी ऑटो करून भरवेलीला गेले. दोन खोल्या आहेत, अंगणात सायकली, दाराशी तुळसाबाई डाळ पाखडत बसली होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पण हसली नाही. पाणी आणून दिलं, ते मी प्यायले. दीपिका शाळेतून यायची होती. मग तीच म्हणाली, "तुमच्यावर राग नाही बाई. तुमी केलं ते आमाले मालूम आहे. पण त्या घरचं पानी आठवलं का मले अजून मळमळते. काहून ते सांगता येत नाही." मी म्हटलं, मलाही. मग तिने पुन्हा सूप ओढलं आणि मी तिच्याजवळ बसून खडे वेचू लागले. दीपिका आल्यावर चहा झाला. परत ये म्हणाल्या नाहीत त्या मला. मीही येईन म्हटलं नाही. कामावरून आलेल्या रवीने मात्र मोटरसायकलवर मला ऑटोपर्यंत सोडलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. वरची खोली रंगवून झाली आहे. फिकट गुलाबी रंग, खिडकीला पडदे, न्हाणीघरात गरम पाण्याचा गीझर. काल रंगारी गेल्यावर तुझे बाबा तिथे मधोमध उभे राहून म्हणाले, "वल्लरीच्या बाळंतपणासाठी खोली हवीच होती. हे सगळं मी आपल्या पोरीसाठीच केलं ना?" म्हणजे तुळसाबाईने पायऱ्यांवर बसत बसत जी कळशी चढवली ती तुझ्यासाठी, आणि दीपिका भिंतीला टेकून उभी राहिली तीही तुझ्यासाठी. तुझ्या पोटातल्या जिवाचं नाव त्यांनी यात घातलं आहे, वल्लरी, आणि ते मी खपवून घेणार नाही. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, उद्या मिळेल. रविवारी ते तुला फोन करतील, केव्हा येतेस विचारतील, आवाज अगदी गोड असेल. तू येऊ नकोस. प्रवास झेपत नाही, डॉक्टर नको म्हणतात, असलं काही सांगू नकोस. त्या खोलीत मला यायचं नाही, एवढंच सांग, आणि का ते विचारलं तर तेही सांग. ते माझ्या तोंडून त्यांनी ऐकलं आहे, लेकीच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. मी मंगळवारच्या गाडीने नागपूरला येते आहे. दोन साड्या, माझी औषधं आणि पेन्शनचं पासबुक एवढंच घेतलं आहे. तुझं बाळंतपण मी तुझ्या घरी करीन. त्यानंतर मी कुठे राहायचं ते जावईबापूंना आणि तुला जड जात असेल तर मोकळेपणाने सांग, एखादी खोली बघू. बालाघाटच्या घराची माझी किल्ली मी आज सकाळीच देवघरात ठेवून दिली.

तुझीच आई,
आशालता